दुर्गम मुलुखातल्या शिकारीसाठी रायफल: कंट्रोल्ड फीड की पुश फीड?

मुक्काम रस्त्यापासून दोन दिवसांच्या चालीवर असला की अचूकतेचे आकडे मागे पडतात. आजची बऱ्यापैकी कुठलीही रायफल १०० मीटरवर तीन-चार सेंटिमीटरच्या घेऱ्यात गोळ्या टाकते. मोठ्या जनावराला तेवढं पुरे. बघायचं ते हे, की काय बिघडेल आणि ते गारठलेल्या हातांनी, अवजारांशिवाय निस्तरता येईल का.

सेमी-ऑटो, म्हणजे प्रत्येक बारानंतर पुढचं काडतूस आपोआप भरणारी, इथेच बाद. काजळी, वाळू आणि बर्फ तिला सोसत नाहीत. लिव्हर अ‍ॅक्शन (घोड्याजवळचा दांडा खाली-वर करून काडतूस भरणारी) दाट झाडीत झकास, पण तिच्या नेहमीच्या .३०-३० काडतुसाची मजल दीडशे-दोनशे मीटरची. तिच्या नळीसारख्या मॅगझिनमध्ये (काडतुसं एकामागे एक ठेवायच्या जागेत) टोकदार शिशाची गोळी भरता येत नाही, कारण ती पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर, म्हणजे ठोका बसताच पेटणाऱ्या टिकलीवर, टेकते. शिवाय बोल्ट (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा दांडा) काढायला स्क्रूड्रायव्हर लागतो.

उरली बोल्ट अ‍ॅक्शन. तिचा बोल्ट हाताने मागे-पुढे करून काडतूस भरायचं. तिच्यात दोन घराणी आहेत. पहिलं कंट्रोल्ड फीडचं, १८९८ च्या माउझरचं. विंचेस्टर मॉडेल ७० आणि रुगर हॉकआय त्याच वळणाच्या. यात काडतूस मॅगझिनमधून वर येताक्षणीच लांब, रुंद एक्स्ट्रॅक्टर (काडतूस बाहेर ओढणारा आकडा) त्याची कड पकडतो. रायफल उलटी धरा, बोल्ट अर्ध्यावरून मागे ओढा, काडतूस सुटत नाही. दुसरं घराणं पुश फीडचं: रेमिंग्टन ७००, टिक्का टी३एक्स. इथे बोल्ट काडतुसाला नुसतं पुढे ढकलतो आणि एक्स्ट्रॅक्टर अगदी शेवटी कडेवर चढतो. घाबरगुंडीत बोल्ट पुरता बंद न करता मागे घेतला, तर पहिलं काडतूस चेंबरमध्येच (नळीच्या मागच्या टोकाच्या खाचेत) राहतं, त्याच्यामागे दुसरं जाऊन भिडतं आणि रायफल अडकते. मोठं अस्वल अंगावर येत असताना हे परवडणारं नाही.

म्हणून पहिलं घराणं डोळे झाकून घ्यावं असं मात्र नाही. माउझर पद्धतीच्या बऱ्याच रायफलींत सुटं काडतूस थेट चेंबरमध्ये टाकून बोल्ट दाबला तर एक्स्ट्रॅक्टर कडेवर चढत नाही आणि जबरदस्ती केली तर तुटू शकतो. भरायचं ते मॅगझिनमधूनच. विंचेस्टरने १९६४ मध्ये मॉडेल ७० पुश फीड केली आणि कंट्रोल्ड फीड १९९० च्या दशकात परत आणली. जुनी घेताना बोल्ट उघडून बघावाच. उलट बाजूला, कॅनडाने आपल्या उत्तरेकडच्या रेंजर्सना जुन्या ली-एनफील्ड रायफलींच्या जागी जी सी१९ दिली, ती टिक्का टी३एक्सवरच बेतलेली आहे. कडाक्याच्या थंडीत पुश फीड चालत नाही, हा समज त्यामुळे निकालात निघतो.

आमचं मत: अस्वलांचा मुलूख असेल तर मॉडेल ७० किंवा हॉकआय; नाहीतर टिक्का. हिचा बोल्ट गुळगुळीत चालतो आणि अवजाराशिवाय हातानेच सुटा करता येतो.

सेफ्टीत, म्हणजे चुकून बार उडू न देणाऱ्या कळीतही फरक आहे. मॉडेल ७० च्या तीन टप्प्यांपैकी मधल्यावर फायरिंग पिन (प्रायमरवर ठोका मारणारी) अडकलेली राहते आणि बोल्ट उघडून काडतूस काढता येतं. टिक्काची सेफ्टी बोल्टही बंद ठेवते. झुडपातून जाताना हँडल उचकटत नाही हा फायदा. पण चेंबर रिकामं करताना सेफ्टी काढावी लागते, म्हणून नळी सुरक्षित दिशेलाच हवी.

सुटं मॅगझिन हरवलं की रायफल एकबारी झाली समजा. ते घ्यायचं तर जास्तीचं एक जवळ ठेवा. खालून उघडणारी फ्लोअरप्लेट (रायफलीतच बसवलेल्या मॅगझिनची तळपट्टी) हरवत नाही, पण तिची कळ सैल असली तर दणक्याने उघडते आणि काडतुसं चिखलात सांडतात.

स्टेनलेस नळी आणि सिंथेटिक दस्ता, यावर फार चर्चा नको. लाकूड ओलाव्याने फुगून नळीला टेकतं आणि नेम सरकतो. स्टेनलेसही गंजतं, फक्त उशिरा. शिवाय स्प्रिंगा आणि स्क्रू बहुधा साध्या पोलादाचेच असतात.

थंडीत खरा घात तेलाने होतो. बोल्टच्या आतलं तेल घट्ट झालं की फायरिंग पिन सुस्त होते, प्रायमरवर हलकाच ठोका बसतो आणि बार उडत नाही. निघण्याआधी बोल्ट सॉल्व्हंटने धुऊन कोरडा करा, हवं तर ग्राफाइट चोळा. रात्री रायफल ऊबदार तंबूत आणली तर तिच्यावर दव जमतं आणि सकाळी त्याचाच बर्फ होतो. रिकामी करून बाहेरच, पण आडोशाला आणि नजरेत ठेवावी. नळीच्या तोंडावर चिकटपट्टीचा एक पातळ थर लावा. त्यातून थेट बार काढता येतो. नळीत बर्फ किंवा चिखल गेला असेल तर बार काढायचा नाही, नळी फुटते. नळी साफ करायचा दोरीचा पुल-थ्रू खिशात असावा.

सर्वांत जास्त दगा मात्र दुर्बीण देते. ती रायफलीला धरणाऱ्या रिंगचे स्क्रू साधारण १५ ते २० इंच-पाउंड, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरापर्यंतच आवळणारा पाना) वापरूनच आवळा. अंदाजाने आवळलेले सैल तरी सुटतात, नाहीतर दुर्बिणीची नळी चेपतात. रायफलीवर लोखंडी साइट (दुर्बिणीशिवाय नेम धरायच्या साध्या माश्या) असतील तर उत्तमच. नसतील तर रिंगसकट, आधीच नेम जुळवून ठेवलेली दुसरी दुर्बीण सोबत न्यावी.

काडतूस .३०८ किंवा .३०-०६. दोन्ही जवळपास कुठेही मिळतात. .३०-०६ जड गोळीला थोडा जास्त वेग देतं, बदल्यात अ‍ॅक्शन (बोल्ट चालतो ते यंत्र) लांब होते. अडीच किलोच्या आतली रायफल चढावर सुखाची वाटते, पण मॅग्नम (जास्त जोराच्या) काडतुसात तिचा दणका असा बसतो की माणूस घोडा दाबताना डोळे मिटू लागतो. दुर्बिणीसह साडेतीन किलोच्या आसपास मध्य साधतो.

विकत घेण्याआधी शक्य असेल तर फायरिंग रेंजवर जाड हातमोजे घालून डमी (दारू नसलेल्या) काडतुसांनी पूर्ण मॅगझिन भरा आणि बोल्ट सावकाश, झपाट्याने, रायफल कलती धरून असा तिन्ही तऱ्हांनी चालवा. एकदाही अडखळली तर ती तिथेच ठेवून पुढची मागा.