सत्र, जोडी की नोंद? सहकाऱ्यांनी एकमेकांकडून शिकावं म्हणून सुरुवात कुठून करावी

पुण्यातल्या बहुतेक आयटी टीममध्ये 'केटी' (नॉलेज ट्रान्सफर, म्हणजे आपलं काम दुसऱ्याला समजावून देणं) आठवते ती कोणीतरी राजीनामा दिल्यावर. मग नोटीस पीरियडच्या शेवटच्या आठवड्यांत चार-पाच वर्षांचं शहाणपण घाईघाईने रेकॉर्ड केलं जातं. भोसरी-चाकणच्या लहान कारखान्यांत तेवढंही होत नाही. जुना सेटर (मशीन कामासाठी लावून देणारा) दुसरीकडे जातो आणि त्याच मशीनवर, त्याच प्रोग्रॅमवर रिजेक्शन, म्हणजे नापास होणारे भाग, वाढू लागतं.

हा आढावा पंधरा ते दीडशे माणसांची टीम किंवा कारखाना सांभाळणाऱ्यांसाठी आहे. वेगळा प्रशिक्षण विभाग नाही, हाताशी वेळ थोडा, आणि एकाच गोष्टीने सुरुवात करता येईल अशी स्थिती. समोर तीन मार्ग असतात: आठवड्याचं सत्र, जोडीने काम आणि लेखी नोंदी. माझं मत आधीच सांगतो. बहुतेकांनी जोडीने सुरुवात करावी. पण सगळे सत्राने करतात, कारण ते सगळ्यात सोपं असतं.

सत्राला खर्च जवळजवळ नाही. मीटिंग रूम आणि एक तास पुरतो. त्याचा खरा फायदा असा की कोणाला काय येतं हे सगळ्यांना कळतं. पुढे अडचण आली की कोणाच्या टेबलापाशी जायचं ते माहीत असतं. नव्या टीमला किंवा दोन ऑफिसांत विभागलेल्या टीमला हे फार उपयोगी आहे. पण ऐकून हात बसत नाही. शिवाय काही महिन्यांत तेच तीन-चार जण बोलताना दिसतात आणि बाकीचे श्रोते होतात. हिंजवडीत सत्र संध्याकाळी ठेवलं तर निम्म्यांचं लक्ष कंपनीच्या बसकडे असतं. कारखान्यात पहिल्या पाळीला सोयीची वेळ रात्रपाळीला कधीच सोयीची नसते. सत्र ठेवायचंच असेल तर दोन गोष्टी माझ्या दृष्टीने अटळ आहेत. ते कामाच्या वेळेत हवं, आणि मराठीत किंवा हिंदीत बोलायची उघड मुभा हवी. फिक्श्चर (मशीनवर भाग घट्ट धरून ठेवणारं साधन) डोळे मिटून बसवणाऱ्या माणसाला इंग्रजी स्लाइड करायला लावली तर तो गप्प बसेल आणि त्याला जे येतं ते त्याच्यापाशीच राहील. त्याला मशीनपाशीच उभं राहून दाखवू द्या.

जोडीबद्दल जास्त लिहितो, कारण तिथे मिळतं सगळ्यात जास्त आणि सोडून दिलं जातं तेही तिथेच. १९८०च्या दशकात जपानच्या मात्सुशिता कंपनीला घरगुती ब्रेड मशीन बनवताना कणीक नीट मळली जात नव्हती. इकुको तनाका या तिथल्या सॉफ्टवेअर डेव्हलपर ओसाकातल्या एका हॉटेलच्या मुख्य बेकरकडे शिकायला गेल्या. बेकर कणीक मळताना ती विशिष्ट पद्धतीने ओढून पीळ देतो, हे तिथे त्यांच्या लक्षात आलं. मग इंजिनिअरांबरोबर बसून मशीनच्या आत तशी ओढ बसेल असे उंचवटे बसवले आणि प्रश्न सुटला. बेकरची मुलाखत घेऊन हे हाती लागलं नसतं. आपण हे वेगळं करतो, हे त्याला सांगण्यासारखं वाटलंच नसतं. चॅटरचा (कापताना हत्यार थरथरल्याचा) आवाज ऐकून फीड (हत्यार पुढे सरकण्याचा वेग) कमी करणारा ऑपरेटर किंवा लॉग (सिस्टिमने आपोआप केलेल्या नोंदी) चाळताना नेमक्या ओळीवर थांबणारी डेव्हलपर यांचंही असंच असतं.

नुसतं शेजारी बसवणं मात्र पुरत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत नव्या कामगारांना पटकन तयार करण्यासाठी काम शिकवण्याची चार पायऱ्यांची पद्धत रुजली आणि पुढे जपाननेही ती उचलली. शिकणाऱ्याची तयारी करून घ्या, काम करून दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, आणि नंतर लक्ष ठेवा. आपल्याकडे दुसऱ्या पायरीनंतर 'समजलं ना?' असं विचारून विषय संपतो. तिसऱ्या पायरीवर शिकणाऱ्याने काम करता करता 'असं का' हेही तोंडाने सांगायचं असतं. शिकवणाऱ्याचं खरं कसब तिथे लागतं.

जोडीची किंमतही मोजा. काही आठवडे दोन माणसं मिळून एकाचंच काम करतात. त्या काळात जुन्या माणसाचं उत्पादनाचं किंवा तिकिटांचं (सोडवायच्या तक्रारींचं) टार्गेट कमी केलं नाही, तर तो शिकवणार नाही आणि त्यात त्याचा दोष नाही. वार्षिक मूल्यांकनात सहकाऱ्यांना एकमेकांविरुद्ध क्रम लावून बढती ठरत असेल, तर तीच अडचण दुप्पट होते. आणि करार कधी संपेल हे माहीत नसलेल्या कंत्राटी कामगाराने आपली हातोटी का द्यावी, याचं उत्तर व्यवस्थापनाने त्याच्याकडे मागण्याआधी स्वतः द्यायला हवं. तीस किंवा अधिक माणसांच्या आस्थापनांना अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे. ते आलेलेच असतात, तर त्यांना आळीपाळीने कुठेही उभं करण्याऐवजी एकेका अनुभवी माणसाशी नेमून द्या.

लेखी नोंदींची जमेची बाजू स्पष्ट आहे: त्या रात्री दोन वाजताही मिळतात. घोळ होतो तो त्या कोण लिहितं यात. मॅनेजर लिहितो तेव्हा काम कसं व्हायला हवं ते उतरतं. झेरॉक्स कंपनीच्या फोटोकॉपी मशीन दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांचा अभ्यास झाला तेव्हा दिसलं की मॅन्युअलमध्ये नसलेले बिघाड ते एकमेकांना चहा-नाश्त्याच्या वेळी किस्से सांगून सोडवत होते. पुढे कंपनीने त्यांच्या युक्त्यांचा संग्रह केला. युक्ती आधी इतर तंत्रज्ञ तपासत आणि मग ती देणाऱ्याच्या नावासह संग्रहात जात असे. तंत्रज्ञांना बक्षिसाच्या पैशांपेक्षा ते नाव मोलाचं वाटलं. आपल्याकडच्या नोंदींवरही नाव आणि तारीख हवीच. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेला फोटो आठवड्यात वर सरकून जातो आणि ग्राहकाचं ड्रॉइंग बाहेर जाण्याची भीती वेगळीच. एका पानात एकच गोष्ट, दोन फोटो, आणि मशीनजवळ लावलेलं पान चालतं.

आता निवड. तुमची अडचण 'कोणाला विचारायचं तेच कळत नाही' ही असेल, तर सत्र घ्या. तेच काम क्वचित, वर्षातून एक-दोनदाच होत असेल (ऑडिटची तयारी, सर्व्हर बदलणं), तर नोंद घ्या, कारण जोडीने शिकलेलंही तोवर विसरलं जातं. काम रोजचं, हाताचं किंवा अंदाजाचं असेल, तर जोडी. आणि जोडीतली नोंद शिकणाऱ्याने लिहावी, शिकवणाऱ्याने फक्त तपासावी. त्यामुळे लिखाणाचं वेगळं ओझं उरत नाही आणि काय समजलं नाही तेही उघड होतं. आयटीत रोज दोन तास जोडी पुरे, दिवसभर जोडीने बसवलं तर लोक थकतात.

सुरुवात एका कागदाने करा. डावीकडे मशीन किंवा मॉड्यूल, उजवीकडे ते कोणाच्याही मदतीशिवाय चालवू शकणाऱ्यांची नावं. जिथे एकच नाव असेल तिथे पहिली जोडी लावा. मग त्या माणसाला गणपतीत पाच दिवस गावी जाऊ द्या, फोन करायचा नाही असं ठरवून. काम कुठे अडलं ते लिहून ठेवा आणि तो परत आल्यावर जोडीचा पुढचा धडा त्याच यादीतून घ्या.