जिगसॉ, ग्राइंडर की ‘सगळं कापणारी’ करवत?

‘प्लाय कापायचाय, खिडकीचा ॲल्युमिनियम सेक्शनही, कधीमधी लोखंडी पाइप. एकच मशीन सांग.’ हा प्रश्न आला की मी उलट विचारतो, सरळ कापायचंय की वळणात?

वळण असेल तर जिगसॉच. १९४६ साली स्वित्झर्लंडमध्ये आल्बर्ट काउफमान यांनी शिलाई मशीनला सुईच्या जागी पातं लावून पाहिलं, त्यातून हे यंत्र निघालं असं सांगतात. पातं आजही सुईसारखंच खालीवर नाचतं. खरी गंमत पात्यात आहे. लाकडाला इंचाला सहा ते दहा दात, पातळ पत्र्याला वीस-चोवीस. लाकूड जास्त वेगात कापा, लोखंड कमी वेगात. ॲल्युमिनियम दातांत भरून बसतं, म्हणून पात्यावर आधी मेणबत्ती घासायची.

जिगसॉचं दुखणं असं की जाड लाकडात पातं वाकतं. वरून बघावं तर रेषेवर, खालून दोन-तीन मिलिमीटर बाहेर. शिवाय दात वर तोंड करून असतात, त्यामुळे कपच्या वरच्या बाजूला उडतात. ओट्याखालचं पहिलं शटर मी सनमायका वर ठेवून कापलं होतं. कड अशी निघाली की उंदरानं कुरतडलीय म्हणावं! आता चांगली बाजू खाली ठेवतो.

ग्राइंडर लोखंडाचा राजा. चार इंची मशीनला एक मिलिमीटरची चकती लावली की एल अँगल (इंग्रजी ‘एल’च्या आकाराची लोखंडी पट्टी) झटक्यात तुटतो. डायमंड चकती लावली की टाइलही. लाकडाला मात्र नको. गार्ड, म्हणजे चकतीवरचं संरक्षक झाकण, काढून दातेरी पातं चढवणारे पाहिलेत मी. पातं अडकलं की मशीन उसळून थेट अंगावर येतं. आणि चकती घेताना मधल्या धातूच्या कडीवरची मुदत वाचा, चकती जुनी झाली की फुटू शकते.

आपल्याकडचे सुतार प्लायला सर्रास मार्बल कटर वापरतात. ११० मिलिमीटरचं पातं १९ मिलिमीटरचा प्लाय सरळ, सुरेख कापतं. पण ते यंत्र दगड-टाइलसाठी बनलेलं. पात्याचा खालचा भाग उघडाच राहतो, काम संपल्यावर त्यावर झाकण येत नाही. सवयीच्या हातात ठीक, नवशिक्याच्या नाही.

राहिली ती ‘सगळं कापणारी’, म्हणजे मल्टी-मटेरियल सर्क्युलर सॉ, गोल फिरत्या पात्याची करवत. कार्बाइडचे (फार कठीण पदार्थाचे) दात, १८५ मिलिमीटरचं पातं, फेरे मिनिटाला चार हजारांच्या आसपास, म्हणजे लाकडाच्या साध्या सर्क्युलर सॉपेक्षा कमी. जुन्या फळीत खिळा लागला तरी फारसं बिघडत नाही आणि साधं लोखंड ग्राइंडरसारख्या ठिणग्यांचा पाऊस न पाडता कापलं जातं. पण टाइलला वेगळं डायमंड पातं हवं, वळण जमत नाही आणि पातं महाग. रोज चौकोनी पाइप आणि लाकूड दोन्ही कापत असाल तरच पैसे वसूल.

रेसिप्रोकेटिंग सॉ, म्हणजे लांब पातं पुढेमागे चालवणारी करवत, तोडफोडीला आणि फांद्यांना. फर्निचरच्या वाटेला जाऊ देऊ नका.

घरासाठी मी आधी व्हेरिएबल स्पीडचा, म्हणजे वेग कमी-जास्त करता येणारा जिगसॉ घेईन, लोखंडाचं काम निघालं की मग ग्राइंडर. आणि दुकानातून निघताना पत्र्याच्या पात्यांचं एक पाकीट मागून घ्या. मशीनसोबत बहुधा लाकडाचं एकच पातं येतं.