पॅकमॅनच्या जुन्या कॅबिनेटसाठी नव्याने बनवलेली फोर-वे जॉयस्टिक: दोन महिने वापरून

आधीच सांगतो, घ्या. एक तक्रार आहे ती पुढे लिहितो, पण घ्या.

माझ्याकडे मिडवे कंपनीचं १९८० चं पॅकमॅन कॅबिनेट आहे, म्हणजे नाणं टाकून खेळायचं गेमचं कपाट. मॉनिटर ठीक, बोर्ड ठीक, पण फोर-वे, म्हणजे चारच दिशांना वळणारी, जॉयस्टिक पार खिळखिळी झालेली, वर वळवायला गेलं की कधी वळायचं कधी सरळ भिंतीत जाऊन थांबायचं. या गेममध्ये ते अजिबात चालत नाही, कारण कोपरा यायच्या जरा आधी दांडा वळवला तर पॅकमॅन कोपरा कापून जातो आणि पाठलाग करणाऱ्या भुतांना तसं जमत नाही, त्या एवढ्याशा फरकावर जीव वाचतो.

आधी दोन ठिकाणी फसलो. एकाने "सगळ्या गेमला चालते" म्हणून एट-वे (तिरक्यासकट आठ दिशांची) मायक्रोस्विचवाली, म्हणजे टकटक वाजणाऱ्या छोट्या बंद स्विचची, पाठवली. तिच्यात दांडा तिरका गेला की दोन स्विच एकदम दाबले जातात आणि पॅकमॅनला तिरकं जाताच येत नाही, मग ऐन वळणावर घोळ होतो. दुसऱ्याने नुसते लीफ स्विच (एकमेकींना टेकणाऱ्या दोन लवचिक धातूच्या पट्ट्यांचे) दिले, दिसायला एकदम हुबेहूब, पण कॉन्टॅक्ट टंगस्टनचे निघाले. टंगस्टन पिनबॉलच्या फ्लिपरला ठीक, तिथे जास्त करंट जातो, पण इथे जेमतेम ५ व्होल्टचा सिग्नल, कॉन्टॅक्टवर जरा थर चढला की तो पलीकडे जातच नाही. इथे सोन्याचा मुलामा असलेलेच कॉन्टॅक्ट लागतात. आणि कृपा करून ते कधी कानसने घासू नका, मुलामा निघून जातो, कोरं जाड कार्ड दोन पट्ट्यांच्या मधून दोन-चारदा ओढलं की काम होतं.

मग हा कारागीर सापडला. एकटाच माणूस, जुना पार्ट मागवून घेतो आणि त्यावरून नवा बनवतो. मी दांडा पाठवला तर त्याचाच मेसेज आला की जिथे घासलाय तिथलं माप घेतलं तर झीजसुद्धा कॉपी होईल, म्हणून सरक्लिपच्या (दांडा जागेवर धरणाऱ्या कडीच्या) आड जो भाग झाकलेला होता आणि घासला गेला नव्हता तिथलं माप घेतो. हे वाचलं तेव्हाच वाटलं की काम बरोबर हातात गेलंय. दांडा लेथवर केलेला, स्टीलचा. थ्रीडी प्रिंटचा दांडा मी स्वतः करून पाहिला होता, थराथराच्या जोडावर तुटला.

बसवायला अर्धा तास लागला, ब्रॅकेटची भोकं जुन्या बोल्टवर सरळ बसली, पॅनलला नवीन भोक पाडावं लागलं नाही. जुन्या कॅबिनेटला हात लावताना मला याचंच जास्त टेन्शन असतं. पट्ट्यांमधली फट नाकाडी पक्कडने पट्टी हलकी वाकवून लावायची, कमी ठेवली तर बोटाच्या नुसत्या इशाऱ्यावर वळतं, फार कमी ठेवली तर आपोआप लागून राहतं. मी आधी उजवीकडची जास्तच जवळ आणली होती, परत सैल केली. टकटक आवाज नाही, लीफ स्विचचं हेच सुख, फक्त हाताला कळतं की लागलं.

आता तक्रार. दांडा मधोमध परत आणणारं रबर फार कडक आलं. जुनं तर वाळून दगड झालेलं, त्यामुळे मऊपणा त्यावरून कळणार कसा हे मान्य, पण विचारायला हवं होतं. तासभर खेळलं की मनगट दुखायचं. कळवल्यावर त्याने कुरकुर न करता दोन वेगळ्या मऊपणाची रबरं पाठवली, त्यातलं जास्त मऊ एकदम फिट बसलं. वर लाल गोळा आहे त्याचा रंग मूळपेक्षा किंचित गडद आहे, शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही, मी जुनाच गोळा परत लावला.

वेळ मात्र लागतो, पाच आठवडे लागले, घाई असेल तर इथे जाऊ नका. फोटो पाठवून भागत नाही, पार्टच पाठवावा लागतो, तेव्हा पाठवायच्या आधी वायरी कुठल्या रंगाच्या कुठे होत्या त्याचे फोटो काढून ठेवा, मी काढले नव्हते आणि वर-खाली उलटं जोडून बसलो.

कॉकटेल टेबलला (बसून खेळायच्या टेबलासारख्या कॅबिनेटला) समोरासमोर दोन जॉयस्टिक लागतात, त्यासाठी कालच अजून दोन सेट सांगितले, मऊ रबर घालूनच द्या म्हणून.