पहिलं पार्सल बरोबर येतं, दुसऱ्यात घात होतो

घरातून साड्या आणि ड्रेस मटेरियल विकणाऱ्या बाईची फसवणूक साधारण एकाच वाटेने होते. व्हॉट्सअॅपच्या एखाद्या होलसेल ग्रुपवर सुरतेचा विक्रेता भेटतो. तो ताई-ताई म्हणत बोलतो, व्हिडिओ कॉलवर रॅकमधल्या थप्प्या दाखवतो. पहिल्यांदा सात-आठ साड्या मागवल्या जातात. त्या ठरल्या दिवशी येतात, फोटोत होत्या तशाच असतात आणि भिशीतल्या बायका आठवड्यात उचलतात. मग डिसेंबर उजाडतो. संक्रांतीसाठी काळ्या साड्यांची मागणी सुरू होते आणि तोच विक्रेता सांगतो, "ताई, ६५०चा रेट आजच्यापुरता आहे, ६० नग बाजूला काढून ठेवतो, पेमेंट टाका." ३९,००० रुपये जातात.

यापुढे दोन फाटे फुटतात. एकात पार्सल येतच नाही. "गाडी निघाली", "ट्रान्सपोर्टला माल अडकलाय", "बिल्टी (ट्रान्सपोर्टची पावती) उद्या पाठवतो" असं करत १४ जानेवारी उलटते. त्यानंतर काळी साडी वर्षभर कपाटात पडून राहणार हे त्यालाही माहीत असतं, म्हणून मग तो फोन उचलायचं बंद करतो. नवरात्राच्या नऊ रंगांच्या साड्यांतही हाच डाव खेळला जातो, कारण तिथेही मालाला तारखेची मुदत असते.

दुसऱ्या फाट्यात पार्सल येतं, पण आत सेकंडचा माल निघतो. छपाई सरकलेली, मधे जोड, काठाला डाग, ब्लाउजपीस गायब. हा प्रकार जास्त वाईट, कारण माल पोहोचलेला असतो आणि तक्रार केली तर विक्रेता म्हणतो, "बिलावर लॉटचा माल लिहिलंय." लॉटचा माल म्हणजे निवड न करता आहे तसा विकलेला, परत न घेण्याच्या बोलीचा. हा शब्द बिलावर किंवा चॅटमध्ये दिसला की पैसे देण्याआधीच थांबायचं आणि "फ्रेश माल, सेकंड नाही, नग ६०, लांबी ब्लाउजसह ६.३० मीटर" असं त्याच्याकडून लिहून घ्यायचं. लिहून द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याशी पुढे बोलण्यात अर्थ नाही.

पहिलं पार्सल चांगलं आलं म्हणून विश्वास बसतो, आणि ठगाने ते पार्सल पाठवलेलं असतं तेवढ्याचसाठी. पाच हजारांच्या सरळ व्यवहारावर तो चाळीस हजारांची वाट मोकळी करतो. म्हणून खरी तपासणी मोठ्या ऑर्डरच्या आधी करायची, छोटी बरोबर आली तरीही.

सुरुवात जीएसटी नंबरापासून करा. तो १५ अक्षरी असतो. पहिले दोन आकडे राज्याचे: गुजरात २४, महाराष्ट्र २७. पुढची दहा अक्षरं म्हणजे मालकाचा किंवा फर्मचा पॅन. सुरतेचा व्यापारी म्हणवणाऱ्याचा नंबर ०७ ने सुरू होत असेल तर ती नोंदणी दिल्लीची आहे, कारण विचारा. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर लॉगिन न करताही हा नंबर शोधता येतो आणि एक पैसा लागत नाही. तिथे कायदेशीर नाव, व्यापारी नाव, नोंदणीची तारीख, पत्ता आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे दिसतं. "वीस वर्षांची पेढी" म्हणणाऱ्याची नोंदणी चार महिन्यांपूर्वीची निघाली, तर तिथेच उत्तर मिळालं. नंबर खरा असला तरी तो त्याचाच आहे याची खात्री अजून झालेली नसते. दुसऱ्याच्या पेढीचा नंबर आपल्या व्हिजिटिंग कार्डावर छापणं काही अवघड नाही.

ती खात्री होते बँक खात्यावर. पैसे पेढीच्या नावाच्या चालू खात्यातच टाका. यूपीआयवर एखाद्या अनोळखी माणसाचं नाव आलं आणि "हा आमचा अकाउंटंट आहे, भाचा आहे" असं सांगितलं गेलं, तर पैसे देऊ नका. फसलेल्यांच्या हकिगतींत हा भाचा वारंवार भेटतो. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने १ एप्रिल २०२५पासून एनईएफटी आणि आरटीजीएसमध्ये पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दिसण्याची सोय आली आहे. ते नाव आणि जीएसटी पोर्टलवरचं कायदेशीर नाव ताडून पाहायला दोन मिनिटं लागतात. एकट्या मालकाची पेढी असेल तर कायदेशीर नाव मालकाचं दिसतं आणि खातं दुकानाच्या नावाने असू शकतं. अशा वेळी व्यापारी नावाशी जुळवा.

पक्कं बिल घ्याच. "बिल नको असेल तर पाच टक्के वाचतील" ही सवलत फार महाग पडते. ३९,००० वर वाचतात १,९५० रुपये आणि हातातून जातो तो व्यवहाराचा एकमेव कागद. माल एका राज्यातून दुसऱ्यात जात असेल आणि किंमत ५०,०००च्या वर असेल तर ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीचा ऑनलाइन सरकारी कागद, लागतं. त्याचा नंबर मागा. एकच ऑर्डर चाळीस-चाळीस हजारांच्या दोन पार्सलांत फोडून पाठवतो म्हणणारा विक्रेता कागद टाळतो आहे, एवढं लक्षात ठेवा.

ट्रान्सपोर्टच्या बिल्टीवर वजन लिहिलेलं असतं, पण तिकडे कुणी पाहत नाही. पाहायला हवं. नमुन्याची साडी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. समजा ४५० ग्रॅम भरली, तर ६० साड्यांचे २७ किलो होतात, वर पॅकिंग. बिल्टीवर १७ किलो असतील तर नग तरी कमी आहेत किंवा कापड तरी हलकं. बिल्टीचा फोटो माल निघाल्याच्या दिवशी मागा आणि उरलेली रक्कम बिल्टी तपासल्यावर द्या. नवीन विक्रेत्याला पूर्ण आगाऊ रक्कम कधीच देऊ नये. पाव रक्कम आगाऊ, बाकी बिल्टीनंतर, या बोलीला सचोटीचा व्यापारी बहुतेक वेळा तयार होतो. आणि रक्कम मोठी असेल तर सोबत एखादी मैत्रीण घेऊन सुरतेच्या रिंग रोडवरच्या बाजारात एकदा स्वतः जाऊन याच. रेल्वेचं दोघींचं भाडं त्या ३९,००० पुढे किरकोळ आहे, आणि दुकान जागेवर आहे की नाही हे डोळ्यांनी दिसतं.

पार्सल हातात आलं की कात्री लावण्याआधी मोबाईल सुरू करा. चिठ्ठीवरचा पत्ता, न फुटलेली शिलाई, काट्यावरचं वजन, मग उघडणं, मग नग मोजणं, असं सगळं एकाच सलग व्हिडिओत यायला हवं. मधे थांबवून पुन्हा सुरू केलेल्या व्हिडिओवर विक्रेता बोट ठेवतो. त्यानंतर कुठल्याही पाच साड्या काढून मोजपट्टी लावा. साडी ५.५० आणि ब्लाउज ०.८० मिळून ६.३० मीटर व्हायला हवेत. चोरी ब्लाउजात होते: ५.५० मधेच ब्लाउज बसवलेला असतो, नेसताना निऱ्या कमी पडतात आणि गिऱ्हाईक तुमच्यावर चिडतं. ड्रेस मटेरियलमध्ये टॉप अडीच मीटर सांगून दोन निघतो. थानाच्या कापडात पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, मोजा. ४४ इंची सांगितलेलं ४२ भरलं तर कुर्त्याचं सगळं गणित बिघडतं.

कापड हलकं दिलंय का हे घरी कळतं. दहा सेंटिमीटर बाजूचा चौरस नीट कापून सोनाराच्या छोट्या काट्यावर तोला आणि आलेल्या ग्रॅमला शंभरने गुणा. १.४० ग्रॅम आले तर कापड १४० जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला १४० ग्रॅमचं. नमुन्याचा तुकडा आणि लॉटचा तुकडा दोन्ही तोला, कारण नमुना १४०चा देऊन माल ११०चा पाठवणं हीच नेहमीची लबाडी. दुसऱ्या तुकड्यावर ५० सेंटिमीटरचा चौरस पेनने आखा, धुवा, वाळवा, पुन्हा मोजा. ४७ भरले तर कापड सहा टक्के आटतं, म्हणजे ४० इंची कुर्ता अडीच इंचांच्या आसपास वर जाणार. ओला पांढरा रुमाल घासून रंगही पाहून घ्या.

रेशमाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे फसलेली बाई नकळत पुढच्या बाईला फसवते. आर्ट सिल्क म्हणजे कृत्रिम रेशीम. त्यातल्या आर्टचा कलेशी संबंध नाही. सेमी पैठणी म्हणून जी विकली जाते तिच्यात बहुधा रेशीम नसतंच. पारख करताना साडीच्या टोकाचा उभा आणि आडवा असे दोन्ही धागे वेगळे काढून जाळा, कारण ताणा रेशमी आणि बाणा पॉलिस्टरचा अशी भेसळ होते. रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. पॉलिस्टर वितळतं आणि कडक गोळी उरते. व्हिस्कोस कागदासारखं जळतं. जरीचा धागा प्लास्टिकचा असेल तर तोही वितळतो.

सिल्क मार्कचं लेबल फक्त धागा शुद्ध रेशमाचा आहे एवढंच सांगतं; साडी हातमागाची की यंत्रमागाची हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी हँडलूम मार्क वेगळा असतो. येवल्याच्या किंवा पैठणच्या पारंपरिक विणीत पदरावरच्या नक्षीचा प्रत्येक रंग वेगळ्या धाग्याने हाताने गुंफलेला असतो, म्हणून पदर उलटा केला तरी मोर तसाच दिसतो. मागे सुटे किंवा कापलेले धागे दिसले तर तो पदर त्या पद्धतीने विणलेला नाही. तशी साडी विकायला काहीच हरकत नाही, फक्त गिऱ्हाइकाला "यंत्रमागाची आहे" असं बिलावर लिहून द्या.

विकतानाची ठगी तुलनेने सोपी असते. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट पुरावा मानू नका, बँकेच्या अॅपमध्ये जमा दिसल्याशिवाय साडी कुरियरला देऊ नका. पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही आणि क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही. "१,५०० ऐवजी १५,००० गेले, बाकीचे परत करा" असा घाईचा फोन आला तर आधी खातं उघडून पाहा.

कायद्याचं कवच कुठे आहे आणि कुठे नाही, तेही माहीत असावं. पुन्हा विकण्यासाठी घेतलेल्या मालाचा खरेदीदार ग्राहक संरक्षण कायद्याच्या व्याख्येत बसत नाही, त्यामुळे ग्राहक आयोगाच्या भरवशावर राहू नका. स्वतः शिवून बुटिकला माल देणाऱ्या बाईची उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) असेल, तर २००६च्या एमएसएमई कायद्याने तिला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत, आणि सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रारही करता येते. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्यांना हे संरक्षण लागू नाही. उद्यम नोंदणी मात्र सरकारी संकेतस्थळावर मोफत आहे. हजार-दोन हजार मागणारी संकेतस्थळं खाजगी आहेत.

पैसे गेल्याचं कळताच, त्याच तासात, १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येते, म्हणून घरच्यांना कसं सांगू या विचारात रात्र घालवू नका. बचत गटाचं कर्ज किंवा गहाण पाटल्या यात अडकलेल्या असतात, लाज वाटते, आणि तेवढ्यात खातं रिकामं होतं. फोन करताना यूटीआर क्रमांक (बँकेच्या व्यवहाराचा क्रमांक), रक्कम, वेळ आणि समोरच्याचं खातं हाताशी ठेवा. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लेखी तक्रार करा. पोलीस ठाण्यात "हा दिवाणी वाद आहे" असं ऐकावं लागेल. तिथे भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या कलम ३१८चा उल्लेख करा आणि सुरुवातीपासून फसवण्याचाच हेतू होता हे दाखवणारे कागद पुढे ठेवा: रद्द झालेला जीएसटी नंबर, दुसऱ्याच्या नावाचं खातं, "फ्रेश माल" लिहून दिलेला चॅट. चॅट डिलीट करू नका, विक्रेत्याला ब्लॉक करू नका आणि सेकंडच्या साड्या विकून टाकू नका, निदान पंचनामा होईपर्यंत.