मांजराची जखम: पट्टी बांधावी की उघडी ठेवावी?

मालवणात मासळीच्या टोपलीभोवती बोक्यांची जुंपली की एखादा लंगडत पडवीत येतो. घरात लगेच दोन पक्ष पडतात: एक म्हणतो बांधा, दुसरा म्हणतो उघडं राहू दे.

रक्त वाहत असेल तर वादच नको. स्वच्छ सुती कापडाची घडी जखमेवर 5 मिनिटं दाबून धरायची, मधेच उचलून बघायचं नाही. मग वरून पट्टी, खाली बोट सहज जाईल इतकी सैल. पंजा सुजला किंवा गार लागला तर ताबडतोब सोडा. ही पट्टी डॉक्टरांकडे पोचेपर्यंतचीच.

दुसऱ्या बोक्याच्या दाताने पडलेलं भोक मात्र मी बांधत नाही. वरून ते टाचणीच्या टोकाएवढं दिसतं, कातडी लगेच मिटते आणि दोन-चार दिवसांत आत पू होऊन गळू धरतं. त्यात आपला पावसाळा! पट्टी वाळतच नाही, दमट कापडाखाली जखम चिघळते. उघड्या जखमेवर माशा बसून अळ्या पडतात हेही खरं, म्हणून बोका घरातच कोंडायचा. (आमचा तिसऱ्या दिवशी कौलांतून पसार.) गळू होण्याआधीच त्याला डॉक्टरांना दाखवलेलं बरं.

जखम धुवायला दोन्हीकडे एकच पाणी: अर्धा लिटर उकळून गार केलेलं, त्यात सपाट चहाचा चमचाभर मीठ. डेटॉल नको; मांजर ते चाटतं आणि त्याला ते विषारी. पॅरासिटामॉल तर जीवच घेतं. धरताना तुम्हालाच चावा किंवा ओरखडा बसला तर हात साबणाने 15 मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठा.