प्रसूतीनंतरचे सहा आठवडे आणि डूलाची सेवा: एक सविस्तर अभिप्राय

बाळाच्या जन्मानंतर सहा आठवडे आम्ही एका डूलाची, म्हणजे बाळंतिणीला आधार आणि मदत देणाऱ्या जाणत्या सोबतिणीची, सेवा घेतली. सुरुवातीला आठवड्यातून तीन दिवस, दिवसा चार तास, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यांत त्याखेरीज दोन-दोन रात्री असे तिचे स्वरूप होते. ही सेवा घ्यावी की नाही, याबद्दल माझ्या मनात प्रसूतीपूर्वी बरीच शंका होती, कारण डूला नेमके काय करते हे मला सांगता येत नव्हते. ती परिचारिका नाही, सुईण नाही, बाळ सांभाळणारी बाईही नाही. मग पैसे मोजायचे ते कशासाठी? हा प्रश्न ज्यांना पडला असेल त्यांच्यासाठी मी हे लिहीत आहे.

‘डूला’ हा शब्द मूळचा ग्रीक असून त्याचा जुना अर्थ दासी किंवा सेविका असा आहे. आजच्या अर्थाने तो १९७०च्या दशकात अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ डेना राफेल यांच्या लेखनातून रूढ झाला. स्तनपान सुरळीत सुरू व्हायचे असेल तर नव्या आईच्या पाठीशी एक जाणती व्यक्ती असावी लागते, हे सांगताना त्यांनी तो वापरला. म्हणजे कळा सुरू असताना सोबत करणारी डूला आज अधिक परिचित असली, तरी या शब्दाचा रोख आधी प्रसूतीनंतरच्या दिवसांवरच होता. ही माहिती मला नंतर मिळाली. पण आमच्या घरी आलेल्या ताईंच्या कामाची पद्धत पाहिल्यावर ती मुळीच आश्चर्याची वाटली नाही.

पहिल्या दिवशी त्या आल्या तेव्हा बाळ पाच दिवसांचे होते. त्यांनी हात धुतले, माझ्यासमोर बसल्या आणि बाळाला घेण्यासाठी हात पुढे केलेच नाहीत. शेवटचे कधी जेवलात, सलग किती वेळ झोपलात, लघवीला त्रास होतो का, टाक्यांच्या जागी लाली किंवा स्राव आहे का, रक्तस्राव किती आहे, असे सगळे प्रश्न माझ्याबद्दलचे होते. त्यानंतर त्यांनी प्रसूती कशी झाली ते सांगण्यास सुचवले. माझे सिझेरियन ऐनवेळी ठरलेले होते, आणि भेटायला आलेल्या प्रत्येकाने ‘बाळ सुखरूप आहे ना, मग झाले’ असे म्हणून तो विषय मिटवला होता. मी पाऊण तास बोलत होते, आणि त्या काळात ताईंनी एकदाही मला थांबवले नाही की माझी समजूत घातली नाही. ऐकून घेणे हाही या सेवेचाच भाग आहे, आणि तो कोणत्याही माहितीपत्रकात नीट मांडता येणार नाही.

स्तनपानाच्या बाबतीत मात्र त्यांची मदत अगदी हाताने दाखवण्यासारखी, ठोस होती. तोवर प्रत्येक वेळी पाजताना मला डोळ्यांत पाणी येईपर्यंत दुखत होते आणि स्तनाग्रांना भेगा पडल्या होत्या. त्यांनी एक पाजणे सुरुवातीपासून शेवटपर्यंत शांतपणे पाहिले आणि मग सांगितले की बाळ केवळ स्तनाग्र तोंडात धरत आहे, भोवतालचा काळसर भाग बाहेरच राहत आहे. बाळाचे नाक स्तनाग्रासमोर यावे, त्याने तोंड मोठे उघडेपर्यंत थांबावे, आधी हनुवटी स्तनाला टेकावी, आणि त्याचे डोके, मान व धड एका रेषेत माझ्याकडे वळलेले असावे. एवढ्या चार गोष्टी बदलल्यावर त्याच दुपारी वेदना निम्म्यावर आली. पोटावर भार येऊ नये म्हणून बाळाला कुशीखाली, काखेच्या बाजूने धरून पाजण्याची पद्धतही त्यांनीच शिकवली. सिझेरियन झालेल्या बाळंतिणीला रुग्णालयातच कोणी ही पद्धत दाखवली तर किती त्रास वाचेल, असे मला आजही वाटते. भेगा दोन दिवसांत भरू लागल्या नाहीत तर स्तनपान सल्लागाराला दाखवा, हे त्यांनी वहीत लिहून ठेवले होते. तशी वेळ आली नाही.

मर्यादा ओळखणे हा त्यांचा गुण त्याच दिवशी आणखी एकदा दिसला. बाळाचे वजन जन्माच्या तुलनेत आठ टक्क्यांनी घटले होते आणि आम्ही दोघे घाबरलो होतो. पहिल्या काही दिवसांत सात ते दहा टक्क्यांपर्यंत वजन उतरू शकते आणि बहुतेक बाळे दहा ते चौदा दिवसांत ते भरून काढतात, हे त्यांनी समजावून सांगितले. परंतु ‘काळजी करू नका’ असे त्या म्हणाल्या नाहीत. आमच्या बाळाच्या बाबतीत ते ठीक आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार आपला नाही, असे स्पष्ट सांगून त्यांनी आम्हाला लगेच बालरोगतज्ज्ञांना फोन करायला लावला. दरम्यान काय पाहायचे हेही दाखवून दिले. पाजताना गिळल्याचा आवाज येतो का, चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजले जाते का, आणि पाचव्या दिवसानंतर दिवसाला किमान सहा वेळा लंगोट ओला होतो का, याची नोंद आम्ही ठेवू लागलो. त्या नोंदीमुळे डॉक्टरांशी बोलताना ‘बाळ नीट पीत नाही असे वाटते’ या वाक्याऐवजी आमच्याकडे आकडे होते. बाराव्या दिवशी वजन जन्माच्या वेळेइतके झाले.

माझ्या पतींना पहिल्या आठवड्यात आपण घरात उपरे आहोत असे वाटत होते, हे त्यांनी मला पुष्कळ नंतर सांगितले. ताईंनी त्यांना बाळाची ढेकर काढणे, अंघोळ घालणे, नाळ गळून पडेपर्यंत ती जागा कोरडी ठेवणे हे सर्व शिकवले, पण शिकवताना बाळ कायम त्यांच्याच हातात ठेवले. रडणे हे भुकेचे उशिराचे लक्षण असते. त्याआधी बाळ मान वळवून शोधू लागते, मूठ तोंडाकडे नेते, हे ओळखायला ते माझ्याही आधी शिकले. संध्याकाळी बाळ तासन्‌तास, थोड्याथोड्या वेळाने पाजायला मागत असे, तेव्हा दूध कमी पडत असल्याची माझी खात्रीच झाली होती. ही नवजात बाळांची नेहमीची रीत आहे आणि वारंवार पाजल्यानेच दूध वाढते, हे ताईंनी सांगितले. पण त्या वेळात मला पाणी आणून देणे, पाठीमागे उशी लावणे आणि पाजणे झाल्यावर बाळाला खांद्यावर घेऊन फिरवणे हे काम पतींनी करायचे, अशी व्यवस्था त्यांनी लावून दिली. बाळाला नेहमी पाठीवर, टणक व सपाट गादीवर, उशी किंवा सैल पांघरुणाशिवाय झोपवायचे, या एका बाबतीत मात्र त्या कोणताही अपवाद मान्य करत नसत. घरच्या वडीलधाऱ्यांनी मऊ उशीचा आग्रह धरला तेव्हा त्यांनी वाद घातला नाही. असे झोपवल्याने झोपेतील आकस्मिक मृत्यूचा धोका कमी होतो, हे कारण त्यांनी आदराने समजावले आणि उशी बाजूला ठेवली.

या सेवेचे खरे मोल मला तिसऱ्या आठवड्यात कळले. प्रसूतीनंतर चौथ्या दिवशी मला विनाकारण रडू येत होते, आणि असे बहुसंख्य स्त्रियांना होते, सहसा दोन आठवड्यांत ते ओसरते, हे मला ठाऊक होते. माझे ओसरले नाही. बाळ झोपले तरी मला झोप लागेना, आणि बाळाकडे पाहताना मनात काहीच उमटत नसे, हे मी कोणालाही सांगितले नव्हते. ताईंनी ‘तुम्ही आता हसत नाही’ एवढेच म्हटले आणि एडिनबरा प्रसूतीपश्चात नैराश्य मापनश्रेणीची प्रश्नावली माझ्यापुढे ठेवली. जॉन कॉक्स, जेनिफर होल्डन आणि रूथ सागोव्स्की यांनी १९८७ साली मांडलेल्या या प्रश्नावलीत दहा प्रश्न आणि जास्तीत जास्त तीस गुण असतात. माझे चौदा आले. हे निदान नव्हे, डॉक्टरांना भेटण्याचे कारण आहे, आणि स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दलचा दहावा प्रश्न तर एकूण गुण कितीही असले तरी स्वतंत्रपणे पाहावा लागतो, हे त्यांनी सांगितले. त्या प्रश्नाला माझे उत्तर ‘कधीच नाही’ असे होते. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जाताना त्या बाळाला घेऊन आमच्यासोबत बाहेर बसल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे तेरा टक्के स्त्रियांना मानसिक विकार, मुख्यतः नैराश्य, जाणवते. एवढ्या जणींना जे होते ते वेळेवर ओळखणारे कोणी घरात असावे, यासाठी मी ही सेवा पुन्हा घेईन. समुपदेशनाने मला दोन महिन्यांत बरे वाटू लागले.

आता तक्रार. चौथ्या आठवड्यात एका रात्री ताई आजारी पडल्या आणि संस्थेने आम्हाला न कळवता दुसऱ्याच बाई पाठवल्या. त्यांनी आमची वही वाचली नव्हती. ‘आईला झोपू द्या’ या सद्हेतूने त्यांनी दोन वेळा मला न उठवता बाळाला बाटलीने वरचे दूध दिले. सकाळी माझे स्तन दगडासारखे घट्ट झाले होते, एका बाजूला गाठ आली होती आणि ती मोकळी व्हायला दोन दिवस गेले. वरचे दूध देण्यात स्वतःहून काहीच गैर नाही, आणि ज्या घरात तसे ठरले आहे तिथे चांगल्या डूलाने तेही तितक्याच आपुलकीने करावे. पण निर्णय आई-वडिलांचा असतो. आमचा निर्णय वेगळा होता आणि तो लिहून ठेवलेला होता. संस्थेने आधी बदली व्यक्ती पाठवण्याचा आपला अधिकार करारात आहे असे उत्तर दिले, आणि आम्ही पाठपुरावा केल्यावर त्या रात्रीचे शुल्क परत केले. माफी मात्र फक्त ताईंनीच मागितली, ज्यांची काहीही चूक नव्हती.

करारातील ‘हलकी घरकामे’ हे शब्दही असेच संदिग्ध होते. बाळाचे कपडे धुणे आणि माझे ताट वाढणे त्यात येत होते, सर्वांचा स्वयंपाक येत नव्हता, हे आम्हाला दुसऱ्या आठवड्यात समजले. डूला हे बहुतेक ठिकाणी परवान्याने बांधलेले पद नाही आणि प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थांचे अभ्यासक्रम निरनिराळे आहेत, त्यामुळे ‘प्रमाणित’ या एका शब्दावर विसंबून राहू नये. प्रशिक्षणात काय शिकवले, डांग्या खोकल्याची लस घेतली आहे का, बाळाचा श्वास अडकल्यास करायचे प्रथमोपचार येतात का, बदली कोण येईल आणि तिला आधी भेटता येईल का, हे थेट विचारावे. आणि कोणत्या क्षणी तुम्ही आम्हाला डॉक्टरांकडे पाठवाल, हाही प्रश्न विचारावा. तासाभरात एक पॅड पूर्ण भिजणे, ताप, न थांबणारी डोकेदुखी किंवा दृष्टी धूसर होणे, पोटरीत दुखून सूज येणे, धाप लागणे; ही यादी आमच्या ताईंना तोंडपाठ होती आणि त्यांनी ती आमच्या शीतकपाटावर चिकटवली होती. ज्यांना हे विचारल्यावर उत्तर सुचत नाही, त्यांना घरी बोलावू नये.

रात्रीच्या सेवेबद्दल माझे मत संमिश्र आहे. झोप मिळाली, पण अंगावर पाजणाऱ्या आईला उठावे लागतेच, आणि शिकण्यासारखे जे काही होते ते आम्ही दिवसाच शिकलो. जुळी बाळे असतील, किंवा आईची प्रकृती फारच नाजूक असेल, तर हिशेब वेगळा होईल. ज्या घरात जाणते, धीराचे आणि बाळंतिणीचे ऐकून घेणारे माणूस आधीच आहे, तिथे एवढ्या तासांची गरजही पडणार नाही.

शेवटच्या आठवड्यात ताई केवळ दोनदा आल्या, कारण तास कमी करण्याची सूचना त्यांनी स्वतःच केली होती. अखेरच्या भेटीत मी बाळाला अंघोळ घातली, पतींनी त्याला पुसून कपडे घातले, मी पाजायला बसले, आणि त्या सर्व वेळात त्या खुर्चीवर हात मांडीवर ठेवून बसून होत्या. निघताना त्यांनी वही आमच्या हाती दिली; त्या दिवसाच्या पानावर त्यांनी काहीही लिहिले नव्हते.