करवीर नगर वाचन मंदिर आणि तिसऱ्यांदा घरी आणलेलं ‘ययाति’

मंगळवार पेठेतून चालत भाऊसिंगजी रोडला जायचं, पुस्तक बदलायचं आणि येताना भाजी घ्यायची, हा माझा कॉलेजपासूनचा परिपाठ. वाचनालय १८५० सालचं आहे हे कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. माझ्यासाठी त्याची किंमत वेगळ्याच गोष्टीत आहे. विसाव्या वर्षी वाचलेलं पुस्तक सत्तेचाळिसाव्या वर्षी तिथेच परत मिळतं.

गेल्या महिन्यात वि. स. खांडेकरांचं ‘ययाति’ पुन्हा वाचावंसं वाटलं. आधी ऑनलाइन मागवलं, तर त्यात सोळा पानं दोनदा आणि पुढची सोळा गायब. ते परत पाठवलं आणि वाचनालय गाठलं. प्रत मिळाली ती बाइंडिंग केलेली, कडेला कुणाच्या तरी पेन्सिलीच्या रेघा असलेली. मला अशीच हवी होती.

खांडेकर १९३८ साली शिरोड्याची शाळा सोडून कोल्हापूरला आले. ‘ययाति’ १९५९ ची, आणि १९७४ चं ज्ञानपीठ त्यांना मिळालं, मराठीतलं पहिलं. पण पहिल्यांदा वाचताना मला यातलं काही माहीत नव्हतं. ज्याच्याबरोबर रंकाळ्यावर दोन वर्षं फिरले त्याने पुण्यात लग्न ठरवलं होतं, एवढंच माहीत होतं. कादंबरी ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने सांगतात. मी फक्त देवयानीचीच प्रकरणं वाचली, बाकीची चक्क सोडून दिली. जिचा कचावर जीव, तिलाच तो बहीण म्हणतो, तिथे पुस्तक मिटलं आणि उशीत तोंड खुपसलं. आई म्हणाली, “एवढं काय गं त्या पुस्तकात?” पुढची चार-पाच वर्षं कुणीतरी कुणालातरी सोडून गेल्याशिवाय मला कादंबरी आवडतच नव्हती.

पस्तिशीत दुसऱ्यांदा आणलं. तोवर गौरी देशपांडे वाचून झाल्या होत्या आणि झुरणाऱ्या बायकांचा कंटाळा आला होता. खांडेकरांची भाषा अलंकारांनी लगडलेली वाटली. ते मत आजही कायम आहे. देवयानी तर हट्टी वाटली. पण आपल्या लोकांसाठी दासी झालेली शर्मिष्ठा तान्ह्या पुरूला घेऊन निघते, त्या पानांवर मी अडकले. माझी मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती. रात्री तिला थोपटत तीच पानं पुन्हा वाचली.

या खेपेला सगळं सलग वाचलं. आणि जिचं नावही मी विसरले होते ती अलका भेटली. सोनेरी केसांची, दासीची मुलगी. ययातीवर जीव लावते आणि राजमातेच्या हुकमावरून तिला विष दिलं जातं. तिघांना बोलायला एवढी प्रकरणं, आणि हिला एकही नाही. आपल्याला कळते ती ययातीच्या तोंडून कळेल तेवढीच.

त्या रात्री कागलचा तो मुलगा आठवला. आमच्याच वर्गातला, एसटीने यायचा. मी अंथरुणात पडून होते ते तीन आठवडे माझी पुस्तकं तोच बदलून आणायचा. ‘ययाति’ त्यानेच आणलं होतं, आणि उशीर झाला तेव्हा दंडही त्यानेच भरला. पुस्तक दारात आईच्या हातात द्यायचा, “काकू, बरी आहे का ती?” एवढंच विचारायचा आणि जायचा. मी आतून ऐकायचे. एकदाही बाहेर आले नाही. माझ्या प्रेमभंगाची गोष्ट मी मैत्रिणींना, बहिणीला, नवऱ्यालासुद्धा सांगितली आहे. तो तीत कुठेच नव्हता.

विशीत हे पुस्तक वाचलेल्या प्रत्येकाने ते पुन्हा न्यावं, आणि जमलं तर वाचनालयातूनच. दुसऱ्यांच्या रेघांमधून वाचताना सोबत वाटते. माझ्या हातातल्या प्रतीत देवयानीच्या पानांवर रेघांची गर्दी आहे, अलकाची पानं कोरी.

पुस्तक गुरुवारी परत करायचं होतं. मी मुदत वाढवून घेतली आहे.